डोळ्याला तकलीफ न देणारा टीव्ही

सोयाबीन वाळलं की आमच्या भागाचा आवाज बदलतो. हिरवं पीक सळसळतं, वाळलेलं पीक खुळखुळतं. शेंगेत दाणा सुटा झालेला असतो, वाऱ्याची झुळूक आली की अख्खं शिवार पायात चाळ बांधल्यासारखं वाजतं. सेनगावात माझं शिलाईचं दुकान आहे. तिथं बसल्या बसल्या मला हे दिवस कळतात, कारण या दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही. सोंगणीच्या, म्हणजे पीक कापायच्या, घाईत कुणाला उसवलेली बाही आठवणार? रस्त्यानं ट्रॅक्टरमागं हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, धडधडत जातो. भुशाची धूळ टांगलेल्या सदऱ्यांवर बसते, मानेला खाज सुटते आणि मला टीव्ही आठवतो.

सोयाबीन पाहून टीव्ही आठवणारा माणूस तालुक्यात मी एकटाच असेन. पण गोष्टच तशी आहे. त्या सुगीत मला इतके धक्के बसले की एखाद्या कच्च्या दिलाच्या माणसाचं काही खरं नव्हतं. मी शिंपीकाम करणारा, म्हणून उसवलो तरी टिकलो.

त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही मायला सोंगणीला नेलं नव्हतं. तिचे गुडघे धरायचे. "तू आता घरी बस, टीव्ही पाहा," असं मी मोठ्या उदारपणे सांगितलं. जन्मभर जी बाई सुगीत घरी बसली नाही, तिला टीव्हीच्या स्वाधीन करून आम्ही नवरा-बायको शेतात जायचो. माझी लेक पल्लवी हिंगोलीला कॉलेजला जायची. दिवसभर घरात माय आणि भिंतीतल्या कोनाड्यात बसलेला तो जुना, मागं कुबड आलेला डबा. तिची सोबत म्हणजे तोच.

एका संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन आम्ही घरी आलो. आतून मालिकेचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी लग्नात घोळ घालून राहिलं होतं, बाया रडत होत्या, मधूनच ढोल धडाडत होता. मी आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यावरच थिजलो. टीव्ही काळा ठिक्कर. चित्राचा ठिपका नाही. फक्त आवाज. आणि माय समोर मांडी घालून, पदर हनुवटीला लावून, डोळ्यांतलं पाणी पुसत त्या काळ्या काचेकडे एकटक पाहत होती.

"माय, चित्र कुठं गेलं?"

"गेलं व्हय?" माय म्हणाली. "मंग आवाज येऊन राहिला की."

आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. माय पण हसली. बायको म्हणाली, "आत्याबाईचं बरं हाय, निम्म्या टीव्हीवर भागतं." मी तर खूशच झालो, कारण मला गोष्ट मिळाली. मला गोष्टी सांगायचा नाद आहे. बाही शिवता शिवता गिऱ्हाइकाला मी अशी गोष्ट सांगतो की ते बाहीची लांबी विसरून जातं. "आमच्या मायनं दुपारभर बंद टीव्ही पाहिला" ही गोष्ट मी दुकानात, पारावर, कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर, जिथं म्हणून चार कान सापडले तिथं सांगितली. दर वेळी लोक हसले. आपल्या घरात एवढं चांगलं भांडवल आहे याचा मला अभिमान वाटला.

आता नवा टीव्ही घेणं आलं.

आमच्याकडे सुगीत घेतल्या जाणाऱ्या वस्तूचं एक शास्त्र असतं. वस्तू आपण ठरवत नाही, सोयाबीनचा भाव ठरवतो. सकाळी मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, भाव चढल्याची खबर आली की पल्लवी म्हणायची, त्रेचाळीस इंची घेऊ. दुपारी आभाळ भरून आलं, दाणा भिजायची भीती वाटली की टीव्ही बत्तीसवर यायचा. एकदा परतीच्या पावसाचे चार थेंब पडले तर बायको म्हणाली, रेडिओ काय वाईट हाय? ऊन पडलं की पुन्हा इंच वाढायचे. कपाशीची पऱ्हाटी वाढते तसा आमचा टीव्ही हवामानावर वाढत होता, सुकत होता. शेवटी ठरलं की फार मोठा नको, फार बारका नको, मधला, म्हणजे त्रेचाळीसचाच घ्यायचा. खिशाला झेपेल आणि मायला दिसेल असा. "मायला दिसेल असा" हे शब्द माझेच. आज आठवले की अंगावर काटा येतो.

अडचण कोनाड्याची होती. माझ्या बापानं घर बांधताना त्या कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता. डबा आला तेव्हा फोटो वर गेला आणि कोनाडा टीव्हीचा झाला. मी गळ्यातला टेप काढला आणि कोनाडा मोजला. एकोणचाळीस इंच. त्रेचाळीस इंची टीव्ही एकोणचाळीसच्या कोनाड्यात कसा जाणार? चौतीस कमरेच्या माणसाला तीसची पँट घालायची म्हटलं तर मी घालून देईन, पण बसायचं नाही असं सांगून. पल्लवी म्हणाली, "बाबा, जाते. तुमाला कळत न्हाई." मी म्हणालो, बाई, मी जन्मभर माणसं मोजत आलोय, मला माप शिकवू नको.

शेवटी तिचा हट्ट पुरा करायचा, कोनाडा थोडा फोडायचा, असं ठरलं. आणि मी, हुशार माणूस, टीव्ही यायच्या आधीच टीव्हीला कव्हर शिवून ठेवलं. जांभळी मखमल, खाली सोनेरी झालर, मधोमध मोर. रुंदी त्रेचाळीस इंच, वर शिलाईला दोन इंच मोकळे. टीव्ही घरात नाही आणि त्याचा अंगरखा तयार. बारशाआधीच झबली शिवतात ना, तसं.

मोर टाचताना मी मायला म्हणालो होतो, "माय, जरा सुई ओवून दे." लहानपणापासून आमच्या घरात सुई मायनं ओवायची. ओठांत दोरा ओला करून ती एका झटक्यात आरपार करायची. त्या दिवशी ती म्हणाली, "तुझी तू ओव. शिंप्याला सुई ओवता येत न्हाई का?" टोमणा असा झणझणीत होता की मी खूश होऊन तोही लोकांना सांगितला.

मायला दुकानात यायचं नव्हतं. गुडघे दुखतात, ऊन आहे, माझं काय काम, लहानच घ्या, मुळात घेताच काहून? पण आमच्या घराची रीत आहे. घरात येणाऱ्या वस्तूला पहिला हात मायचा. बैल तिनं पाठीवर हात फिरवून घेतले. घागर टिचकी मारून घेतली. मिक्सर घेताना तिनं तो दुकानात चालू करायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि "हा घशात बोलतो" म्हणून परत केला. दुसरा घेतला, तो अजून चालतो. तिच्या हातावाचून आलेला एकच पंखा, तो मी घेतलेला, पहिल्याच उन्हाळ्यात बसला. तेव्हा मायशिवाय टीव्ही आणणं शक्यच नव्हतं. तिला एसटीत खिडकीशी बसवून आम्ही हिंगोलीला नेलं. वाटेत दोन्ही बाजूंनी कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे गंज्या, लागल्या होत्या. मी म्हणालो, "माय, पाहा बरं कोणाची सुडी मोठी हाय." माय म्हणाली, "वास लई चांगला येऊन राहिला." मी म्हटलं, पाहा, माय कवी झाली.

दुकान मुनीरभाईंचं. उंच, पिकलेल्या दाढीचा, तोंडानं गोड माणूस. आत पाऊल टाकलं आणि मला दुसरा धक्का बसला. भिंतभर टीव्ही, बहुतेक सगळे लावलेले, त्यांत एकच बाई एकच आंबा कापत होती. चाळीस आंबे, चाळीस सुऱ्या. आणि जाडी? एवढ्या पातळ वस्तूत आवाज मावतो कुठं? जुन्या डब्याच्या पाठीवर आमची मांजर झोपायची. या टीव्हीवर झोपायला मांजराला सर्कशीत जावं लागेल.

मी टेप काढला. त्रेचाळीस इंची टीव्हीला लावला. अडतीस.

पुन्हा लावला. अडतीस.

"मुनीरभाई, हा आटला का?"

मुनीरभाई हसले. "आटला नाही भाऊ. टीव्हीचा इंच तिरपा असतो. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

मला भोवळ यायची बाकी राहिली. तिरपा? माणसाचा सदरा मी डाव्या खांद्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत मोजला तर लोक मला सेनगावात राहू देतील का? शेत असं तिरपं मोजलं तर धुऱ्या-बांधावर कुऱ्हाडी निघतील. एवढं शिकलेलं जग आणि माप हे असं. पल्लवी माझ्याकडे पाहत होती. कोनाडा फोडायची गरज उरली नव्हती. घरी मात्र मोराचं कव्हर टीव्हीपेक्षा ढगळ होऊन बसलं होतं.

तोवर माय आपल्या कामाला लागली होती. ती एका टीव्हीपाशी गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि टिचकी मारली. मुनीरभाईंचा चेहरा उतरला. मायनं दुसऱ्याला टिचकी मारली, तिसऱ्याला मारली. मग म्हणाली, एकेकाचा आवाज काढा. मुनीरभाईंनी एकेकाचा आवाज सोडला. माय पाठ करून उभी राहिली, मान तिरकी, जशा कोंबडा आरवायच्या आधी म्हाताऱ्या बाया उभ्या राहतात. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जमली. मी मनातल्या मनात गोष्ट शिवायला घेतली होती. कुठं चुणी घ्यायची, कुठं काज करायचं, सगळं ठरत होतं.

"आवाज पसंत केला अम्मांनी," मुनीरभाई म्हणाले. "आता पिक्चर पसंत करा. कोणता साफ दिसतो ते सांगा."

माय वळली. भिंतभर उजेड होता. तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला, जणू दुपारच्या उन्हात दूरच्या माणसाला ओळखते आहे. बराच वेळ भिंत पाहिली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. मग थांबली, आणि ठामपणे बोट ठेवलं.

"हा घ्या. ह्याच्यानं डोळ्याला तकलीफ न्हाई."

तो टीव्ही बंद होता. भिंतीवरचा तेवढा एकच. त्याची वायर खाली लोंबत होती.

दुकान हसलं. जमलेली माणसं हसली, बायको हसली, पल्लवी हसली, मी तर टाळी द्यायला हात वर केला. आणि आमच्या सगळ्यांच्या मागून माय हसली.

मागून. एवढंच.

गोष्टी सांगणाऱ्या माणसाला दुसरं काही कळत नसेल, पण हसण्याची वेळ कळते. कोण गोष्ट समजून हसतं, कोण शेजारी हसला म्हणून हसतं, हे मला पाठमोरं बसूनही कळतं. समजून आलेलं हसणं गोष्टीच्या टाचेवर पाय ठेवून येतं. दुसरं एक पाऊल मागं असतं. मायचं हसणं एक पाऊल मागं होतं. आणि माझा वर गेलेला हात तिथंच राहिला, कारण मला एकदम कळलं की ते कितीतरी दिवसांपासून एक पाऊल मागंच होतं. काळ्या टीव्हीपुढं आम्ही हसलो, मग ती हसली. सुई तिनं ओवली नव्हती. सुड्या तिनं पाहिल्या नव्हत्या, वास घेतला होता. माझ्या प्रत्येक गमतीत एक टाका सुटलेला होता आणि मी, कपड्याचा टाका लांबून ओळखणारा, तोच सोडून बाकी सगळं लोकांना दाखवत फिरलो होतो.

मुनीरभाई हसले नव्हते. त्यांनी हळूच सगळ्या टीव्हींचे आवाज बंद केले. चाळीस बाया मुक्यानं आंबे कापत राहिल्या. ते स्टूल घेऊन आले आणि म्हणाले, "बसा अम्मा. पानी पिओ." पेला त्यांनी तिच्या समोर धरला नाही, सरळ हातात दिला.

आम्ही टीव्ही न घेता बाहेर आलो. दुकानाच्या पायरीवर माय बसली. रस्त्यावर सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर मोंढ्याकडे चालले होते.

मी विचारलं, "काहून सांगितलं न्हाई, माय?"

"कवा सांगू?" ती रस्त्याकडे तोंड करून म्हणाली. "पेरणीत सांगू? फवारणीत सांगू? का सोंगणीत? तुमची घाई सरंल तवा सांगीन म्हणलं. ती सरतच न्हाई."

बायकोनं तिचा हात धरला. मायनं दुखरे गुडघे चोळले. मग म्हणाली, "आन् कळलं आसतं तर तुमी मला खाटंवर बसवलं आसतं. डाळ निवडू दिली नसती, चुलीपाशी येऊ दिलं नसतं. टीव्हीपुढं बसलं ना, म्हणजे कोणी काही इचारत न्हाई. म्हातारी टीव्ही पाहून राहिली म्हणतात, आन् आपापल्या कामाला जातात."

मला त्या सुगीत बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. आम्ही समजत होतो, टीव्ही तिची सोबत आहे. तो तिचा आडोसा होता. पावसात माणूस झाडाखाली उभं राहतं तशी ती त्या डब्यापुढं उभी राहिली होती, आणि त्यातलं चित्र गेलं तरी तिचं काही बिघडलं नव्हतं.

संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा गल्लीतल्या बाया नवा टीव्ही पाहायला ओट्यावर जमल्या होत्या. माय पुढं होऊन म्हणाली, "एक बी चांगला न्हवता. समद्यांचे इंच तिरपे." मी तिच्याकडे पाहतच राहिलो. या घरात गोष्ट कुणाकडून आली, ते मला वयाच्या पन्नाशीत समजलं.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस ही बाई घरात वावरली कशी? वावरली ती कानानं, नाकानं आणि आमच्यापेक्षा हुशारीनं. सोयाबीन घरात आलं, थंडी पडली, तेव्हा आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पहिली पट्टी सोडली तेव्हा मी समोरच उभा होतो. तिनं डोळे किलकिले केले, मला खालून वर पाहिलं आणि दचकून मागं सरकली.

"माय, मी हाव."

"तू व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं तुझा बापच न्यायला आला. डोकं कवा पिकलं रे तुझं?"

आता धक्के बसायची पाळी घराची होती. मायला दिसायला लागलं म्हणजे घरात फौजदारच आला. छताच्या कोपऱ्यातली जळमटं, तव्याच्या कडेची काजळी, माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. "शिंप्याच्या घरात बटणाचा दुष्काळ," ती म्हणाली. बायको दोन दिवस भांडी घासत होती आणि मला खुणावत होती की पट्टी परत बांधता येते का विचारा. शेजारणीकडे पाहून माय म्हणाली, आवाजावरून मला वाटलं तू बारीक आसशील. शेजारीण अजून आमच्याशी जपूनच बोलते.

मग आम्ही पुन्हा मुनीरभाईंकडे गेलो. माय या वेळी बंद टीव्हीकडे गेली नाही. तिनं काळ्या चष्म्यातून एकेक टीव्ही नीट पाहिला. सगळ्यात मोठ्यापुढून ती नाक मुरडून निघून गेली. त्याच्यात माणसाच्या तोंडावरचा देवीचा वण न् वण दिसतो, म्हणाली, एवढं पाहणं बरं न्हाई. बारका तिला खिडकीतून डोकावल्यासारखा वाटला. मधल्या, त्रेचाळीसवाल्यापुढं थांबली, टिचकी मारली आणि हो म्हणाली. मुनीरभाईंनी हात जोडले, बहुतेक टिचक्या संपल्या म्हणून. घरी तो कोनाड्यात असा बसला की दोन्ही बाजूंनी बोटभर जागा उरली. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली टीव्ही, त्याच्यावर माझं ते ढगळ मखमली कव्हर, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या लेकरासारखं.

पहिल्या दिवशी तिची लाडकी मालिका लागली. जिच्या दुःखावर माय इतके दिवस पदर ओला करत होती, ती बाई पडद्यावर आली. माय पुढं झुकली. "ही? ही तर पल्लवीएवढी पोरगी हाय. हिला एवढी रडायला काय झालं?" असं म्हणून ती उठली ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्यानंतर तिनं ती मालिका काही धरली नाही.

आता पुन्हा शिवार खुळखुळतंय. काल हडंबा आमच्या शेतात होता. मी दुकान बंद करून गेलो, तर माय सुडीपाशी बसून होती. गुडघे दुखतातच. पण ती दाण्यातले खडे वेचत होती, एकेक हातात धरून, उन्हात फिरवून पाहत, जणू खड्यालाही रंग असतात. तिच्या पापण्यांवर भुसा होता. मी म्हणालो, माय, चल घरी, एवढा मोलाचा टीव्ही तुझ्यासाठी आणला, तो कव्हर घालून बसलाय. ती म्हणाली, "बसू दे. मला बाहेरचंच लई पाहायचं राहिलंय."

मग सावलीला भाकर खाताना मी मजुरांना गोष्ट सांगायला घेतली. नवी होती, दुकानात आलेल्या एका नवरदेवाची, अजून कुणाला सांगितली नव्हती. मी नुसतं तोंड उघडलं आणि माय खुदकन हसली. मजूर तिच्याकडे पाहून हसायला लागले. माझी गोष्ट राहिली तोंडात.

"माय, अजून मी काहीच सांगितलं न्हाई."

"तुझ्या तोंडावर दिसून राहिली ना," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. माझ्याही एक पाऊल पुढं.